महिन्यागणिक मोठा होत गेलेला चंद्र

आजचा भाग आहे एका चंद्राबद्दल. गेममधला चंद्र, पण त्याच्याकडे खरी माणसं महिनोन्‌महिने मान वर करून बघत होती.

२०१२ सालची गोष्ट. फायनल फँटसी फोर्टीन नावाचा एक जपानी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. त्यातल्या जगाचं नाव एओर्झिया. या जगाला दोन चंद्र. त्यातला धाकटा, डालामुड, हळूहळू लाल पडायला लागला. मग मोठा दिसायला लागला. पुढच्या अपडेटला आणखी मोठा. तुम्ही बाजारात तलवार विकत असा, जंगलात लाकडं तोडत असा, नाहीतर नुसतेच मित्राची वाट बघत उभे असा, डोक्यावर तो होताच. त्याला स्किप बटण नव्हतं.

हा चंद्र शेवटी पडतो. कसा पडतो, का पडतो आणि तो पाडायची गरज गेम बनवणाऱ्यांना का वाटली, हा आजचा विषय. पण त्याआधी थोडं मागे जाऊया, कारण अशी सावकाश सांगितलेली गोष्ट काही एकदम उगवली नाही.

आपल्यापैकी बरेच जण बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळतात. मॅच सुरू होते, अर्ध्या तासात संपते, पुढच्या मॅचला पाटी कोरी. मागच्या मॅचमध्ये तुम्ही कुठल्या घरात लपला होतात ते त्या घराला आठवत नाही. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचा हिशोब वेगळा असतो. तुम्ही लॉगआउट केलंत तरी जग चालूच राहतं. तुम्ही झोपलात, परीक्षेला बसलात, गावाला जाऊन आलात, तोवर तिकडे हजारो लोकांचं काही ना काही चाललेलं असतं.

गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवातच मुळी कोऱ्या पाटीने झाली. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने मड नावाचा गेम लिहायला घेतला आणि नंतर रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्रं वगैरे काही नाही, सगळा मजकूर. अनेक लोक एकाच वेळी एकाच जगात. खजिना शोधायचा, तो दलदलीत नेऊन टाकायचा आणि पॉइंट मिळवायचे. पण सगळा खजिना संपला की पुढे काय? म्हणून ते जग ठरावीक वेळाने रीसेट व्हायचं. खजिना परत जागेवर, मेलेले प्राणी परत जिवंत. जग सगळ्यांचं होतं, पण त्याला कालचा दिवस नव्हता. आणि कालचा दिवस नसेल तर सावकाश गोष्ट सांगणार कशी?

ही अडचण सोडवायचा एक धाडसी प्रयत्न झाला १९९९ मध्ये. टर्बाइन नावाच्या अमेरिकन कंपनीने बनवलेला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला ॲशरन्स कॉल. यांनी ठरवलं की दर महिन्याला जगात काहीतरी नवीन घडवायचं आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, महिन्याच्या वर्गणीतच सगळं. थोडक्यात मासिकासारखा गेम. सुरुवातीच्याच महिन्यांत त्या जगात अवेळी बर्फ पडायला लागलं. का पडतंय, ते शोधणं खेळाडूंवर सोडलेलं. आज असं काही आलं तर संध्याकाळपर्यंत तीन यूट्यूबर ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ टाकून मोकळे होतील. तेव्हा लोक चकरा मारत, एकमेकांना विचारत.

तिथून गोष्ट वाढत वाढत बेलझारॉन नावाच्या एका जुन्या दैत्यापर्यंत पोचली. तो कैदेत होता आणि त्याची कैद काही स्फटिकांवर अवलंबून होती. स्फटिक फोडले की तो सुटणार. लेखकांची अपेक्षा सरळ होती: खेळाडूंना फोडाफोडी आवडते, ते फोडतील, दैत्य सुटेल, पुढचा अंक सुरू होईल. बहुतेक सर्व्हरवर झालंही तसंच. पण थिसलडाऊन नावाच्या एका सर्व्हरवर काही खेळाडूंनी ठरवलं की आपण हे होऊ द्यायचं नाही. शेवटच्या स्फटिकाभोवती त्यांनी पहारा बसवला. पाळ्या लावून, दिवसरात्र. कोणी फोडायला आलं की त्याच्याशी लढायचं. यातही एक डोकं लढवलं होतं बरं का! तो स्फटिक स्वतः लढू शकायचा आणि खेळाडूला मारलं की त्याची ताकद वाढायची. म्हणून रक्षक मुद्दाम त्याच्या हातून मरायचे. हा असला उपाय गेम बनवणाऱ्यांच्या स्वप्नातसुद्धा आला नसेल.

आता लेखकांची पंचाईत. पुढच्या महिन्याची गोष्ट लिहून तयार, बाकी सगळे सर्व्हर पुढे निघालेत आणि इथे मूठभर लोक गोष्टीला वाटेत अडवून बसलेत. शेवटी बनवणारेच राक्षसांच्या रूपात गेममध्ये उतरले आणि त्यांनी पहारा मोडून काढला. स्फटिक फुटला. पण पुढे फक्त त्या एका सर्व्हरवर त्या रक्षकांच्या नावाने एक स्मारक उभं राहिलं.

मला हा किस्सा फार आवडतो, पण त्यात एक हार आहे हे मान्य करायला हवं. जग सगळ्यांसाठी एकच गोष्ट पुढे नेतंय आणि त्या गोष्टीत खेळाडूला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, हे थिसलडाऊनने उघडं पाडलं. मोठ्या ऑनलाइन गेमनी यातून घेतलेला धडा सावध होता. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००६ साली आन’किराजचं दार उघडायला प्रत्येक सर्व्हरवरच्या लोकांनी मिळून ढिगाने कापड, धातू, अन्न गोळा केलं, तोही मोठा सोहळा झाला. पण दार उघडायचंच होतं, प्रश्न फक्त कधी एवढाच.

आता परत आपल्या चंद्राकडे.

फायनल फँटसी फोर्टीन आला ३० सप्टेंबर २०१० ला आणि तोंडावर पडला. म्हणजे साधासुधा नाही. मेनू उघडायला वेळ, नकाशात तीच टेकडी पुन्हा पुन्हा चिकटवलेली, काय करायचं ते कळत नाही, सर्व्हर दमलेले. पुढे नाओकी योशिदा यांनी २०१४ च्या जीडीसी परिषदेत एक उदाहरण दिलं, जे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. त्या गेममधल्या एका साध्या फुलदाणीत हजार पॉलिगॉन आणि १५० ओळींचा शेडर कोड होता. एका खेळाडूच्या पात्रात असतो तेवढा! फुलदाणी सुंदर दिसायची यात वाद नाही. पण गावात फुलदाण्या चाळीस असतील तर जणू चाळीस माणसं जास्त उभी आहेत असं समजून तुमचा कॉम्प्युटर घाम गाळणार. कोड रिव्ह्यूला कोणीच नव्हतं की काय, असं मला दर वेळी वाटतं.

डिसेंबर २०१० मध्ये स्क्वेअर एनिक्स कंपनीने जाहीर माफी मागितली, वरची माणसं बदलली आणि गेमची सूत्रं योशिदांकडे दिली. दुरुस्ती होईपर्यंत वर्गणी घ्यायची नाही असं ठरवलं. कंपनीच्या प्रमुखांनी पुढच्या वर्षी कबूल केलं की या गेममुळे फायनल फँटसी या नावालाच मोठा धक्का बसलाय.

योशिदांपुढे दोन रस्ते होते. जुना कोड ठिगळं लावत चालवायचा किंवा सगळं पाडून नव्याने बांधायचं. त्यांनी दोन्ही एकदम केलं. जुना गेम दर थोड्या महिन्यांनी सुधारत राहायचा, आणि बाजूला नव्या इंजिनवर, नव्या नकाशांसह दुसरा गेम लिहायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये हे जाहीर झालं. ज्यांनी कधी चालू सिस्टीम बदलण्याचं काम केलंय त्यांना यातली भीती कळेल. चालत्या एसटीचं इंजिन बदलायचं आणि प्रवाशांना उतरवायचं नाही.

आणि इथे खरा पेच येतो. जुनी सिस्टीम बंद करताना आपल्याकडे काय होतं? शुक्रवारी संध्याकाळी एक मेल येतो: अमुक तारखेपासून ही सेवा उपलब्ध नसेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. संपला विषय. योशिदांच्या टीमलाही हे करता आलं असतं. नकाशे बदलणार होते, शहरांचे कोपरे बदलणार होते, लढायची पद्धत बदलणार होती. ‘नवीन आवृत्ती आली, जुनं विसरा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, तक्रार करायला फार लोक उरलेही नव्हते. पण जे उरले होते ते या वाईट गेमवर जीव लावून बसले होते. त्यातल्या अनेकांनी तर जानेवारी २०१२ मध्ये वर्गणी सुरू झाल्यावर पैसेही भरले. बंद होणार हे ठाऊक असलेल्या गेमसाठी!

मग ठरलं असं की सर्व्हर बंद होणं ही गोष्टीतलीच घटना करायची. नकाशे बदलतायत कारण जगावर संकट कोसळलं. आणि ते संकट आकाशात आधीपासून टांगलेलं होतं: डालामुड.

इथे सावकाशपणाचं काम बघा. हीच घटना एका व्हिडिओत दाखवता आली असती: चंद्र दिसला, चंद्र पडला, दोन मिनिटं. पण त्यांनी महिने घेतले. एका साम्राज्याचा नायल व्हॅन डार्नस नावाचा सरदार चंद्राला खाली ओढतोय, हे कथेतून थोडं थोडं समजत गेलं. अपडेट येत गेले, वरचा लाल गोळा वाढत गेला. मग खेळाडूंना नायलशी लढायची संधी मिळाली. लोक तयारी करून गेले, हरले, परत गेले, शेवटी जिंकले. नायल मेला.

चंद्र थांबला नाही.

गेममध्ये आपल्याला सवय असते की खलनायक मेला की सगळं ठीक होतं. इथे तुम्ही जिंकलात, बाहेर आलात, वर बघितलंत तर तो तसाच. उलट पुढच्या दिवसांत आणखी जवळ. शेवटच्या दिवसांत शहरांच्या आसपास राक्षसांच्या टोळ्या तुटून पडू लागल्या आणि लोक हातात असेल ते घेऊन लढत राहिले. कशासाठी? तारीख तर जाहीर झालेली. ११ नोव्हेंबर २०१२. त्या दिवशी सर्व्हर बंद होणार हे प्रत्येकाला माहीत होतं. बक्षीस नाही, लेव्हल वाढवून उपयोग नाही. तरी लोक आले, कारण ते जग त्यांचं राहतं घर झालेलं.

मी स्वतः तेव्हा शाळेत होतो आणि या गेमचं नावही ऐकलं नव्हतं. त्या रात्रीचं मला जे ठाऊक आहे ते लोकांनी केलेल्या रेकॉर्डिंगवरून. चौकात शेकडो पात्रं उभी. कोणी नाचतंय, कोणी हात हलवतंय, चॅट इतक्या वेगाने पळतंय की वाचता येत नाही. नोबुओ उएमात्सू यांनी संगीत दिलेलं ‘आन्सर्स’ हे गाणं, सुझन कॅलोवेच्या आवाजात. मग कनेक्शन तुटतं.

त्यानंतरचा व्हिडिओ आजही यूट्यूबवर सहज सापडतो. युद्ध चालू आहे, चंद्र फुटतो आणि कळतं की तो चंद्र नव्हताच. तो पिंजरा होता आणि आत बाहामूट नावाचा महाकाय ड्रॅगन. तो सगळं जाळत सुटतो. लुईस्वा नावाचा म्हातारा ऋषी बारा देवतांची शक्ती बोलावून त्याला परत कोंडायचा प्रयत्न करतो, तेही मोडतं. शेवटी एवढंच हातात उरतं म्हणून तो समोरच्या वीरांना, म्हणजे तुम्हाला, काळाच्या पलीकडे ढकलून वाचवतो. पडदा काळा.

आणि मग साडेनऊ महिने गेम बंद. म्हणजे चाचण्या झाल्या मधे, पण जग म्हणून बंद. मालिकेचा भाग नको तिथे संपला की आपल्या आजीचा जीव आठवडाभर टांगणीला लागतो. इथे साडेनऊ महिने.

२७ ऑगस्ट २०१३ ला ‘अ रिअल्म रीबॉर्न’ या नावाने गेम परत आला. योशिदांनी काम हातात घेतल्यापासून जेमतेम दोन वर्षं आठ महिन्यांत. इतके लोक आले की सर्व्हर परत कोलमडले, पण यावेळी आनंदाने. गेममधल्या काळात पाच वर्षं उलटलेली. कोएर्थस नावाचा प्रदेश जुन्या गेममध्ये हिरवागार होता, आता तिथे कायमचा बर्फ. डालामुडचे तुकडे जमिनीत रुतलेले. नव्या खेळाडूला वाटतं कोएर्थस म्हणजे बर्फच. जुना खेळाडू तिथे पोचतो आणि दोन मिनिटं नुसता उभा राहतो. दोघांच्या स्क्रीनवर चित्र एकच.

सगळ्यात मार्मिक मला वाटतं ते पात्रांचं बोलणं. पाच वर्षांपूर्वी काही वीर लढले होते हे एओर्झियातल्या लोकांना आठवतं, पण त्यांचे चेहरे आणि नावं काही केल्या आठवत नाहीत. आठवायला गेलं की उन्हाकडे बघावं तसे डोळे दिपतात. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ही सरळ डेटाची अडचण आहे. नवा खेळाडू आणि जुना खेळाडू, दोघांशी तोच संवाद बोलायचाय, म्हणून पात्रांना काही आठवू द्यायचं नाही. पण त्या मर्यादेतून त्यांनी एक हळहळ काढली. तुम्ही समोर उभे आहात आणि तुम्ही वाचवलेला माणूस तुम्हाला ओळखत नाही.

बाहामूटचं पुढे काय झालं? एवढी आग ओकली तरी जमीन पूर्ण का जळली नाही? हे प्रश्न नोव्हेंबर २०१२ चे. उत्तर एका अवघड मोहिमेत टप्प्याटप्प्याने दिलं आणि शेवटचा टप्पा आला ऑक्टोबर २०१४ मध्ये. उत्तर असं की लुईस्वाच त्या शेवटच्या क्षणी फिनिक्स पक्षी झाला, त्याने बाहामूटला संपवलं आणि जमीन सावरली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं लोकांना त्या म्हाताऱ्याची अर्धीच गोष्ट ठाऊक होती. दुःख एवढंच की ती मोहीम इतकी कठीण होती की फार थोड्या लोकांनी ते उत्तर आपल्या हाताने मिळवलं.

दुसरं उदाहरण आणखी लांबचं आहे (स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढचा एक परिच्छेद सोडा). क्रिस्टल टॉवर नावाची एक ऐच्छिक मोहीम होती. तिच्यात ग्राहा टिया नावाचा एक बडबड्या तरुण अभ्यासक भेटायचा. जानेवारी २०१५ च्या अपडेटमध्ये तो त्या मनोऱ्यात स्वतःला कोंडून घेतो, भविष्यात कधीतरी कोणीतरी उघडेल म्हणून. दार बंद. लोक पुढे गेले, दोन मोठे विस्तार आले, बऱ्याच जणांना तो आठवतही नव्हता. जुलै २०१९ मध्ये ‘शॅडोब्रिंगर्स’ आला आणि त्यात एक तोंड झाकलेला राज्यकर्ता दिसला, ज्याच्या मागे तोच मनोरा उभा. मधली साडेचार वर्षं खरी होती. त्या साडेचार वर्षांत कोणी कॉलेज संपवलं, कोणाचं लग्न झालं. हे सगळं २०१५ मध्येच ठरलं होतं का, या वादात मला रस नाही. दार बंद राहिलं होतं, एवढं पुरे. नंतर ऑगस्ट २०२० मध्ये ती ऐच्छिक मोहीम सगळ्यांना सक्तीची केली, कारण ती न खेळता पुढची गोष्ट कळेना. ऑप्शनल मॉड्यूल काही वर्षांनी डिपेंडन्सी झालं, म्हणा ना.

आता जरा दुसरी बाजू. या गेमबद्दल एक नेहमीची थट्टा आहे: ‘अरे, पहिले शंभर तास काढ, मग मजा येते.’ थट्टा खोटी नाही. ‘अ रिअल्म रीबॉर्न’मध्ये तुम्ही मेजवानीसाठी दारू आणि चीज गोळा करत हिंडता, त्याला सावकाश कथाकथन म्हणणं जरा जास्तच होईल. तो निव्वळ भराव होता, आणि बनवणाऱ्यांनाही ते कळलं असणार, कारण २०२० मध्ये त्यांनी त्यातली बरीच कामं कापली. शिवाय गेम महिन्याच्या वर्गणीवर चालतो. गोष्ट जितकी लांब तितके महिने जास्त, हा हिशोब कंपनीला समजत नसेल असं कोणी म्हणू नये. वरून २०१७ पासून कथा वगळून पुढे जायची सोयही पैसे घेऊन विकतात. आधी लांबण लावा, मग लांबण टाळायचे पैसे घ्या. यावर मी काही सारवासारव करणार नाही.

पण भराव आणि विणकाम यातला फरक खेळताना कळतो. चीज कापून टाकलं तर कोणाला पत्ता लागत नाही. चंद्राचे ते महिने कापले तर ११ नोव्हेंबरची रात्र एक बऱ्यापैकी ॲनिमेशन उरते.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘एंडवॉकर’ आला आणि २०१० पासून चाललेल्या गोष्टीचा मोठा धागा संपला. पुन्हा इतकी गर्दी की कंपनीने चक्क गेमची विक्री काही काळ थांबवली. त्यात हायडेलिनशी एक लढाई आहे. संगीत सुरू होतं आणि जुन्या लोकांच्या लक्षात येतं की ही चाल ओळखीची आहे, त्या शेवटच्या रात्रीचं ‘आन्सर्स’. नऊ वर्षांपूर्वी ऐकलेल्या गाण्यात प्रश्न कोण विचारत होतं, ते तेव्हा उलगडतं. ज्यांनी ‘एंडवॉकर’ पर्यंतचं सगळं दोन महिन्यांच्या सुट्टीत उरकलं त्यांनाही ती चाल छानच वाटते. मी त्यांच्यापैकीच आहे. फ्री ट्रायलने सुरू केलं आणि रात्रीची झोप घालवून पळत पळत तिथे पोचलो. मला लढाई आवडली, संगीतही आवडलं. पण माझ्या गिल्डमधला एक जण व्हॉइस चॅटवर एकदम गप्प झाला होता, तो का गप्प झाला हे मला नंतर समजून घ्यावं लागलं.

आणि तो २०१२ चा गेम आज कुठेच विकत मिळत नाही. बाकी सगळं पैसे टाकून मिळतं, लेव्हल, पोशाख, कथेतली उडीसुद्धा, पण चंद्राखालचे ते महिने नाहीत. त्या गेमच्या डिस्क कोणाच्या कपाटात असतीलही, पण त्या ज्या सर्व्हरला हाक मारतील तो सर्व्हर नाही. ॲशरन्स कॉलचंही तेच झालं. ३१ जानेवारी २०१७ ला त्याचे अधिकृत सर्व्हर बंद झाले आणि थिसलडाऊनचं ते स्मारक त्यांच्याबरोबर गेलं. आता जे आहे ते चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर आणि लोकांच्या आठवणीत.

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये मात्र जुन्यांची एक खूण राहिलीय. ज्यांनी बंद होणाऱ्या गेमची तीन महिने वर्गणी भरली, त्यांच्या पात्राच्या मानेवर एक गोंदण आलं, आणि ‘अ रिअल्म रीबॉर्न’ संपल्यावर जी श्रेयनामावली येते तिच्यात त्यांच्या पात्रांची नावं. गेममधल्या लोकांना ती नावं आठवत नाहीत, पण पडद्यावर ती एकामागून एक वर सरकत जातात. यादी बरीच लांब आहे. स्किप करता येते. पुढच्या भागात भेटूच, तोवर कोणी तो टप्पा खेळत असाल तर एकदा पूर्ण बघा आणि कोणतं नाव गंमतीदार वाटलं ते मला कळवा.